कंपनीत फोन, इंटरनेट, क्लाउडच्या खर्चाचं सॉफ्टवेअर आणताय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं सांगते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी ॲडमिन आणि आयटीच्या मधली व्यक्ती आहे, म्हणजे दोघांचीही कामं माझ्याकडे येतात आणि दोघंही मला आपलं मानत नाहीत. हेड ऑफिस पुण्यात, प्लँट चाकणला आणि गोव्यात वेर्ण्याला, डेपो नागपूर आणि कोल्हापूरला. टीईएम सॉफ्टवेअर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तेव्हापासून दुसऱ्या कंपन्यांतले ओळखीचे लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

टीईएम म्हणजे नक्की काय?

आधी याचा अर्थ टेलिकॉम एक्स्पेन्स मॅनेजमेंट असा होता, म्हणजे फोन आणि लाइनची बिलं तपासणं. मग क्लाउड (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर) आलं, महिन्याच्या भाड्याची सॉफ्टवेअरं आली आणि टेलिकॉमच्या जागी टेक्नॉलॉजी शब्द बसला, टी तोच राहिला. काम साधं आहे: कंपनीकडे कुठली कनेक्शनं, सिम, लाइन, लायसन्स आहेत त्याची यादी ठेवायची, दर महिन्याची बिलं आत घ्यायची, बिल त्या यादीशी आणि करारातल्या रेटशी जुळतंय का बघायचं आणि खर्च ज्या त्या डिपार्टमेंटच्या नावावर टाकायचा. टँगो, कॅलेरो ही या धंद्यातली बाहेरची जुनी नावं.

आमच्याकडे टॅली आहे, सॅप आहे, मग हे वेगळं कशाला?

अकाउंटच्या सॉफ्टवेअरला बिलाची शेवटची ओळ कळते. मोबाइल बिल इतके लाख, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर आहे, सही आहे, पेमेंट झालं, विषय संपला. त्या बिलाच्या पोटात साडेचारशे नंबर आहेत, त्यातले किती चालू आहेत, कुणाला दुबईचं रोमिंग पॅक लावलं होतं आणि ते परत आल्यावर काढलं का, हे त्याला कळत नाही आणि त्याने ते कळून घ्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. टीईएम त्या पोटात शिरतं. शेवटी पेमेंट सॅपमधूनच होणार, फक्त तपासलेलं बिल तिकडे जाणार.

किती मोठ्या कंपनीला लागतं?

एक ऑफिस, चाळीस सिम आणि दोन ब्रॉडबँड असतील तर प्लीज घेऊ नका, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला होईल, एक नीट एक्सेल आणि महिन्यातला अर्धा दिवस पुरतो. तीन-चार ठिकाणं, दोन राज्यं, पाच-सहा कंपन्यांची बिलं आणि क्लाउडचं बिल डॉलरकडे बघत वरखाली होतंय अशी परिस्थिती असेल तर विचार करा.

सुरुवात कुठून करायची? डेमो बघायला कधी बोलवायचं?

डेमो सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलं, आधी तीन डेमो बघितले, रंगीत गोल गोल चार्ट बघून साहेब खूश, आणि मग सॉफ्टवेअरवाल्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की तुमच्या कनेक्शनची यादी द्या. आणि यादी नव्हती. म्हणजे होती, तीन होत्या, ॲडमिनची वेगळी, आयटीची वेगळी, अकाउंट्सची वेगळी आणि तिन्हींची बेरीज जुळत नव्हती.

मग मी चाकणला जाऊन बसले. ॲडमिनच्या कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात सिम. काही रबरबँड लावलेली, काहींवर चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने नाव, काहींवर नुसतं "नवीन" असं लिहिलेलं आणि ते नवीन कधीचं हे कुणालाच माहीत नाही. एकावर ज्यांचं नाव होतं ते सोडून गेल्याला तीन वर्षं झालेली. सिम डब्यात, बिल चालू. डबा सांभाळणाऱ्या काकांचा काही दोष नव्हता, त्यांना सांगितलं होतं की सोडून जाणाऱ्याकडून सिम परत घ्या, त्यांनी घेतलं आणि जपून ठेवलं. बंद करायला कळवायचं कुणी, हे कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

तर सुरुवात तिथून. गेल्या तीन महिन्यांची सगळी बिलं गोळा करा, त्यातला प्रत्येक नंबर एका ओळीत लिहा, मग उलट्या बाजूने प्रत्येक ठिकाणी जाऊन किंवा फोन करून कोण वापरतंय ते विचारा. ज्याला धनी सापडत नाही ती ओळ पिवळी करा. आमच्याकडे हे सहा आठवडे चाललं आणि खरं सांगायचं तर सॉफ्टवेअरमुळे जे वाचलं असं आम्ही नंतर म्हणालो त्यातलं बरंचसं या पिवळ्या ओळींतूनच आलेलं होतं.

यादीत काय काय लिहायचं?

नंबर किंवा सर्किट आयडी (लाइनचा ओळख नंबर), कुठल्या कंपनीचं, बिलिंग अकाउंट नंबर, प्लॅन, महिन्याचं भाडं, कुठे बसवलंय, कोण वापरतं, कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा), करार कधी संपतो, कुठल्या जीएसटी नंबरवर बिल येतं. बस. पन्नास कॉलम करू नका, भरले जात नाहीत.

एक्सेलमध्ये करताय तर नंबरचे कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅटला टाका आणि मग पेस्ट करा. मशीनमधल्या एम-टू-एम सिमचा नंबर तेरा आकडी असतो, एक्सेल त्याचं ५.७५ई+१२ असलं काहीतरी करून दाखवतं. ते निदान परत सरळ करता येतं, पण सिमकार्डावर छापलेला एकोणीस-वीस आकडी नंबर असतो ना, तो साधा पेस्ट केला तर पंधराव्या आकड्यानंतर सगळे शून्य होतात आणि ते परत येत नाहीत. माझी साठ ओळींची मेहनत गेली, मग डबा पुन्हा उघडून भिंग घेऊन बसले.

हे कुणाच्या ताब्यात द्यायचं? आयटी, ॲडमिन की अकाउंट्स?

यावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. आयटी म्हणतं बिल आमचं काम नाही, अकाउंट्स म्हणतं आम्हाला टेक्निकल कळत नाही, ॲडमिन म्हणतं आम्ही फक्त सही घेतो. माझं मत असं की वरून पाठबळ फायनान्स हेडचं हवं कारण पेमेंट थांबवायची ताकद तिथेच आहे, रोजचं काम एकाच व्यक्तीकडे हवं, मग ती कुठल्या का डिपार्टमेंटची असेना, आणि बिलं प्रत्यक्ष पंच करणारा अकाउंट्सचा माणूस पहिल्या दिवसापासून मीटिंगमध्ये हवा. त्याला सगळे विसरतात. कुठलं बिल पोस्टाने येतं, कुठलं मेलवर पासवर्ड लावून येतं आणि तो पासवर्ड काय, कुठलं बिल दर वेळी फोन करून मागवावं लागतं, ही सगळी माहिती फक्त त्याच्या डोक्यात असते.

आणि एचआर. कुणी जॉइन झालं, बदली झाली, सोडून गेलं की ते टीईएममध्ये आपोआप कळलं पाहिजे, निदान आठवड्याला एक फाइल तरी गेली पाहिजे. हे नाही जोडलं तर वर्षभरात डबा पुन्हा भरतो.

जीएसटीचं यात काय येतं?

खूप काही, आणि परदेशी सॉफ्टवेअरचा डेमो देणाऱ्याला यातलं बऱ्याचदा काही माहीत नसतं म्हणून हे तुम्हीच विचारा.

टेलिकॉमच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण बिलावर आपला जीएसटी नंबर पाहिजे आणि तो बरोबर राज्याचा पाहिजे. लीज लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली लाइन), लँडलाइन, ब्रॉडबँड यांच्या बाबतीत लाइन जिथे बसवली ते राज्य धरतात, पोस्टपेड मोबाइलला टेलिकॉम कंपनीच्या रेकॉर्डवरचा आपला बिलिंग पत्ता धरतात. आता आमचं बघा. वेर्ण्याची लीज लाइन, ऑर्डर दिली पुण्याने, तर फॉर्मवर नंबर टाकला महाराष्ट्राचा, २७ ने सुरू होणारा. बिल आलं गोव्याच्या सीजीएसटी-एसजीएसटीसकट, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन्ही वाटे लावून. गोव्याचा कर महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशनवर क्रेडिट म्हणून घेता येत नाही, तिथे ३० ने सुरू होणारा गोव्याचाच नंबर हवा. किती महिने ते क्रेडिट सोडून देत होतो ते सांगत नाही, लाज वाटते.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एकेका कनेक्शनला जीएसटी नंबर लावता येतो का हे बघा, नुसता कंपनीला एक नंबर असं चालत नाही. बिल टू-बीशी, म्हणजे आपल्याला कुठल्या बिलांचं क्रेडिट मिळू शकतं हे दाखवणाऱ्या जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या यादीशी, जुळवून दाखवतं का ते विचारा. टू-बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं, म्हणजे बिलं त्याच्या आसपास सिस्टिममध्ये आलेली असली पाहिजेत, २५ तारखेला येऊन उपयोग नाही. आणि एखाद्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथेच दार बंद. प्लॅनमध्ये ही तारीख लाल पेनने लिहा. बाकी बारकावे तुमच्या सीएला विचारा, मी सीए नाही.

बाहेरच्या देशातल्या कंपन्यांची सबस्क्रिप्शनं कार्डवर चालतात, ती कशी धरायची?

ही सगळ्यात निसरडी जागा. कारण याला पीओ नसतो, कुणीतरी डिझाइनवाला टूल घेतो, साहेबांचं कार्ड टाकतो आणि दर महिन्याला पैसे कटत राहतात. शोधायचं असेल तर कार्डांची वर्षभराची स्टेटमेंट मागवा आणि एकेक ओळ वाचा, दुसरा उपाय नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या वेबसाइटवर अकाउंटच्या सेटिंगमध्ये आपला जीएसटी नंबर टाकलाय का बघा. नसेल तर ती कंपनी तुम्हाला साधा ग्राहक समजून वर १८ टक्के लावते आणि बिलावर नंबर नसल्यामुळे ते क्रेडिट मिळत नाही. नंबर टाकला की कर रिव्हर्स चार्जने आपण भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं. दोन, रिझर्व्ह बँकेचा आपोआप कटणाऱ्या पैशांचा नियम. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो कडक लागू झाला, जून २०२२ मध्ये मर्यादा १५ हजार केली, त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. तो ओटीपी ज्याच्या फोनवर जातो तो माणूस सुट्टीवर असेल तर काय होतं? आमच्याकडे ड्रॉइंगचं एक टूल ऐन कस्टमर ऑडिटच्या सकाळी बंद पडलं, ओटीपी महाबळेश्वरला होता आणि तिथे रेंज नव्हती.

क्लाउडचा खर्चही याच सॉफ्टवेअरमध्ये घ्यावा का?

घेता येतो, पण पहिल्याच फेरीत नको. फोनचं बिल महिन्याला एकदा येतं आणि त्यात नंबर ठरलेले असतात, क्लाउडचं मीटर तासावर, कधी सेकंदावर पळतं आणि मशीन सकाळी जन्मतं संध्याकाळी मरतं. तोपर्यंत एक काम मात्र आजच सुरू करा, टॅग, म्हणजे खर्च कुणाचा हे सांगणारी चिठ्ठी. प्रत्येक सर्व्हरला, डिस्कला प्रोजेक्ट आणि कॉस्ट सेंटरचा टॅग लावायला डेव्हलपरांच्या मागे लागा, कारण टॅग लावायच्या आधी झालेला खर्च नंतर त्या टॅगखाली येत नाही.

छोट्या गळत्या कशा असतात त्याचं एक उदाहरण: एडब्ल्यूएसने (ॲमेझॉनचं क्लाउड) १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) तासाला ०.००५ डॉलर लावायला सुरुवात केली. ऐकायला काहीच नाही, पण महिन्याचे ७३० तास धरले तर एका पत्त्याला साडेतीन डॉलरच्या वर जातात, आणि टेस्टिंगवाल्यांनी असे किती पत्ते उघडून ठेवलेत ते एकदा मोजून बघा.

किती वेळ धरायचा आणि कधी सुरू करायचं?

सॉफ्टवेअरवाले आठ आठवडे सांगतील. ते त्यांच्या बाजूचं काम असतं. यादी धरून सहा महिने धरा. मार्चमध्ये आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात अकाउंट्स तुमचा फोनही उचलणार नाही, सप्टेंबरमध्ये ऑडिटची धावपळ, दिवाळीत निम्मं ऑफिस गावाला. आमच्यासारख्यांना जमण्यासारखं वेळापत्रक असं: मे-जूनमध्ये यादी, जुलैमध्ये सॉफ्टवेअर निवडणं आणि करार, ऑगस्टमध्ये पायलट म्हणजे थोड्या बिलांवर चाचणी, ऑक्टोबरचं बिलिंग पूर्ण नव्या सिस्टिममधून. म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आधी एक महिना हातात राहतो.

पायलट कुठल्या बिलांवर करायचा?

सगळे म्हणतात हेड ऑफिसच्या, कारण सोपं जातं. मी म्हणते सगळ्यात गचाळ जागा घ्या. हेड ऑफिसला सगळं चालतंच, त्यातून काही शिकायला मिळत नाही. आम्ही चाकण प्लँटचे मोबाइल आणि वेर्ण्याच्या लाइन घेतल्या. एअरटेल, जिओ, व्हीआय, बीएसएनएल सगळ्यांच्या बिलाची मांडणी वेगळी, कुणाचं पीडीएफ, कुणाचं एक्सेल मिळतं. सॉफ्टवेअर ती बिलं खरोखर वाचतंय का, की मागे कुणीतरी माणूस बसून हाताने भरतोय, हे पायलटमध्येच कळतं. डेमोला त्यांची बिलं चालवू देऊ नका, आपली द्या, त्यातही मागच्या वर्षीचं ज्यात चूक सापडली होती ते बिल द्या आणि गप्प बसा. सापडली तर ठीक.

वापर शून्य दिसतोय त्या लाइन लगेच बंद करून टाकायच्या ना?

नाही! हे मोठ्या अक्षरात वाचा. आम्ही पहिल्या महिन्याच्या उत्साहात शून्य वापराचे अकरा नंबर बंद करायला पाठवले. त्यातला एक डोंगल डिस्पॅचच्या केबिनमध्ये वजनकाट्याच्या शेजारी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, मेन लाइन गेली तरच वापरायचा. चार दिवसांनी जेसीबीने केबल तोडली, मेन लाइन गेली, ड्रॉवर उघडला, डोंगल मुका. इंटरनेट नाही म्हणजे ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) नाही आणि ई-वे बिलाशिवाय गाडी गेटबाहेर काढायची कुणाची हिंमत होत नाही. गेटपासून रस्त्यापर्यंत सात ट्रक उभे, ड्रायव्हर लोक सावलीला पत्ते खेळतायत आणि डिस्पॅचचे साहेब मला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी सिक्युरिटीच्या पोराच्या स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिलं निघाली.

आता आमची पद्धत अशी की आधी धनी शोधायचा, नाही सापडला तर तीस दिवस तात्पुरतं बंद ठेवायचं, कुणी ओरडलं तर चालू, नाही ओरडलं तर कायमचं बंद. लिफ्टमधला फोन, फायर अलार्म, गार्डची केबिन, जनरेटरचं सिम आणि बॅकअप लाइन यांना यादीत वेगळी खूण करा, यांचा वापर शून्यच असतो आणि असावा.

सॉफ्टवेअरवाले पैसे कसे घेतात?

तीन प्रकार ऐकायला मिळतात. दर कनेक्शनला महिन्याला ठरावीक, एकूण खर्चाच्या काही टक्के, किंवा जेवढं वाचवू त्यातला हिस्सा. तिसरा ऐकायला गोड लागतो, वाचलं तरच द्या. पण वाचलं म्हणजे कशाच्या तुलनेत? तुम्हीच शोधून बंद केलेली सिमसुद्धा त्यांच्या खात्यात धरली जातात. तो घ्यायचाच असेल तर यादीचं काम आधी संपवा, त्या महिन्याचा आकडा दोघांच्या सहीने गोठवा आणि मग मोजायला सुरुवात करा.

करारात आणखी दोन ओळी घालून घ्या. सोडून जाताना आपली सगळी यादी आणि जुनी बिलं उघडता येतील अशा फाइलमध्ये परत मिळाली पाहिजेत. आणि चुकीच्या बिलाचं भांडण कोण करणार, ते की आपण? नुसती चूक दाखवून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे आग लागली सांगणारा शेजारी, बादली आपल्यालाच आणावी लागते.

चुकीच्या बिलाचं काय करायचं, पैसे थांबवायचे का?

ड्यू डेटच्या आधी लेखी कळवा आणि तिकीट नंबर यादीत टाका. पूर्ण बिल अडवू नका, लाइन कापली तर आपणच अडकतो. पुढच्या बिलात ॲडजस्ट करू असं तोंडी आश्वासन घेऊ नका, क्रेडिट नोट मागा, जीएसटीचा हिशोब त्यावरच सुधारतो.

कर्मचारी म्हणतात आता आमचे कॉल बघणार, त्यांना काय सांगायचं?

खरं सांगायचं. आमच्या चाकणच्या युनियनने पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारला आणि त्यांचं बरोबरच होतं. कुणी कुणाला किती वाजता फोन केला ही यादी खर्च तपासायला लागतच नाही, एकूण वापर आणि प्लॅन एवढं पुरतं. आम्ही कॉलची तपशीलवार यादी सिस्टिममध्ये घेतलीच नाही, तसं लिहून नोटीस बोर्डवर लावलं. २०२३ चा डीपीडीपी, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आल्यापासून तर लोकांची नको ती माहिती गोळा करून ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं.

साहेब विचारतात किती टक्के वाचतील?

यादी होईपर्यंत आकडा देऊ नका. एकदा दिलेला आकडा बजेटमध्ये जाऊन बसतो आणि वर्षभर तुमच्या मानेवर राहतो.

गो-लाइव्ह झालं, आता जुनी एक्सेल बंद करायची का?

दोन बिलिंग महिने दोन्ही चालवा, बेरीज जुळली की एक्सेल बंद, आणि बंद म्हणजे फोल्डरमध्ये नुसती वाचायला. नाहीतर लोक तिकडेच बदल करत राहतात. लॉगिनचं म्हणाल तर नव्याचे नऊ दिवस असतात, सगळे मॅनेजर पहिल्या आठवड्यात डॅशबोर्ड बघतात आणि मग कुणी फिरकत नाही. म्हणून आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येक डिपार्टमेंट हेडला एक साधा मेल पाठवतो, त्यात फक्त त्यांच्या नावावरच्या नंबरांची यादी आणि खाली एकच प्रश्न, यातलं कुणाचं काय नको आहे. लोक त्याला उत्तर देतात. डबा अजून चाकणच्या कपाटात आहे, काका आता त्यात बिस्किटं ठेवतात.